म्होरक्याचा कोट धुतला त्याची गोष्ट

कितागामी नदीकाठच्या आमच्या गावात बस चालवणाऱ्या बाया आता तीन-चार झाल्या, पण पहिली रित्सुको ओबारा. ती डेपोत रुजू झाली तेव्हा बाईच्या मापाचा गणवेशच नव्हता. साहेबांनी पुरुषाचा कोट हातात ठेवला आणि म्हणाले, "बाह्या दुमडून घ्या, कोण बघतंय!" रित्सुकोनं तो घेतला. घरी जाऊन तिनं बाह्या उसवल्या, आखूड केल्या, खांदे आत घेतले, इस्त्री फिरवली आणि दुसऱ्या दिवशी अशी काही येऊन उभी राहिली की साहेबांनी स्वतःच्या टायची गाठ चाचपून पाहिली.

तेव्हापासून आजवर तिच्या पांढऱ्या हातमोज्यांवर कुणी डाग पाहिला असेल तर शपथ. पँटची घडी अशी की बोट लावावं तर कापेल. डेपोतले टवाळ म्हणायचे, "ओबाराबाई झोपतात तरी उभ्यानंच, घडी मोडेल म्हणून." म्हणू देत. ती हसायची आणि गाडी काढायची.

या टापटिपीमागं दुखणं होतं. लहानपणी तिची आई सफरचंदांच्या बागेत दिवसभर राबायची आणि घरी येऊन पडायची. रित्सुकोच्या अंगावर मामेबहिणीचा जुना शाळेचा गणवेश, कॉलर पिवळी पडलेली, हुक तुटलेला. वर्गातल्या पोरी नाकाला रुमाल लावायच्या. "हिच्या घरी पाणी येत नाही वाटतं!" हे वाक्य तिच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. माणसाची किंमत लोक कपड्यावरून करतात, आणि पोराच्या कपड्यावरून आईची करतात, हे तिचं पक्कं मत. ते कुणी खोडू पाहिलं तर ती भांडायला कमी करत नसे.

आणि अशा बाईच्या पोटी मिनोरी आली!

मिनोरी तशी गुणी पोर. अभ्यासात बरी, आवाज मात्र दांडगा. घरात "आई, भात झाला का?" म्हणाली की शेजारचा कुत्रा उठून बसायचा. गावच्या जुन्या हायस्कूलात गेली आणि पहिल्याच आठवड्यात जयघोष पथकात शिरली. हे पथक म्हणजे बेसबॉलच्या सामन्याला ढोल बडवून, छाती फुटेस्तोवर ओरडून आपल्या पोरांना बळ देणारी मंडळी. एवढंच असतं तर रित्सुकोची काही हरकत नव्हती. पण त्या पथकाचा वेष! बंद गळ्याचा काळा शाळेचा कोट, तोही चिंध्या झालेला. टोपी फाटकी. पायात उंच खडावा, मोजे नाहीत, बर्फ पडला तरी नाहीत. केस वाढलेले. हे सगळं गरिबीनं नाही, मुद्दाम! फार पूर्वी तोक्योतली पैसेवाली पोरं विलायती उंच कॉलर लावून मिरवायला लागली, तेव्हा आमच्या उत्तरेतल्या पोरांनी उलट लक्तरं पांघरली. वरून कसा दिसतो ते बघू नकोस, आत काय आहे ते बघ, असा त्याचा अर्थ. पुढं चित्रकथावाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी तो वेष उचलला. फाटक्या टोपीचा, दांडगा, पण काळजाचा सच्चा गडी गल्लोगल्ली पोरांचा लाडका झाला. त्यामुळं आता आमच्या पथकाचे फोटो काढायला लांबून माणसं येतात आणि पाच-सहा वर्षांची पोरं आजीच्या टॉवेलला भोकं पाडून तो खांद्यावर घेऊन अंगणात ओरडतात. गावाला त्या लक्तरांचा केवढा अभिमान!

रित्सुकोला नव्हता. "तुझी ती मंडळी माझ्या गाडीत चढली ना, की मला सीट पुसाव्या लागतात," ती मिनोरीला म्हणायची.

"आई, तुझा गणवेश तसा हा आमचा गणवेश."

"माझ्या गणवेशातून तुझ्या वर्गाची फी निघते. त्यातून काय निघतं? पिसवा?"

मिनोरीचे बाबा शूजी पोस्टात कामाला. भला माणूस. मायलेकींची जुंपली की तो कुंड्यांना पाणी घालायला बाहेर जायचा. त्यामुळं त्यांच्याकडची झाडं नेहमी टवटवीत.

तर शेवटच्या वर्षी मिनोरी पथकाची म्होरकी झाली. शाळेच्या सगळ्या इतिहासात पहिली मुलगी. माजी विद्यार्थ्यांच्या मंडळात थोडी कुजबुज झाली, पण मंडळाचे अध्यक्ष कुमागाई यांनी ती दाबली. कुमागाई म्हणजे सत्तरी ओलांडलेला तातामीवाला, चटया विणता विणता बोटं लाकडासारखी झालेली, आणि एके काळचा म्होरक्या. ते एवढंच म्हणाले, "तिचा आवाज नदीपलीकडे जातो. माझा अलीकडेच राहायचा. संपला विषय."

आणि मग म्होरक्याचा कोट मिनोरीकडं आला.

पथकातल्या बाकीच्यांचे कोट आपापले असतात. म्होरक्याचा एकच, पहिल्या म्होरक्यापासून हाताहाती चालत आलेला. बाह्यांच्या दशा, पाठीवर भोकं, कॉलर विरलेली, घामाचे पांढरे चट्टे. त्याचा नियम एकच आणि तो शाळेच्या कुठल्याही नियमापेक्षा मोठा: या कोटाला पाणी लावायचं नाही, सुई लावायची नाही. जेवढं फाटेल तेवढं फाटू द्यायचं. कोट देताना कुमागाई दर म्होरक्याला तेच सांगत आले. मिनोरीलाही सांगितलं, "माझी आई सुई घेऊन मागं लागायची. मी कोटाला तिचा हात लागू दिला नाही. बाहेर कोण काय म्हणतं आणि घरात कोण रडतं, ते बघायचं नाही. तेव्हा कुठं हा कोट अंगावर बसतो."

मिनोरी कोट घालून घरी आली. दारात उभी राहिली. चेहरा नुसता उजळलेला. शूजीचे डोळे भरून आले, कारण तोही त्याच शाळेचा आणि या कोटाकडं लांबून बघत वाढलेला. रित्सुको स्वयंपाकघरातून आली आणि तिथंच थबकली.

"अगंबाई! काढ ते! काढ आधी! घरात आणू नकोस!"

"आई, हा म्होरक्याचा कोट आहे."

"कुणाचा का असेना. वास येतोय!"

"पंचावन्न-साठ जणांचा घाम आहे यात."

"तेच म्हणतेय मी!"

शेवटी तह झाला. कोट व्हरांड्यात खिळ्याला राहील आणि आई त्याला हात लावणार नाही. आईनं शब्द दिला. तो मोडायचा असं तिच्या मनात तेव्हा खरंच नव्हतं.

मोडायला लावला तो बसमधल्या दोन म्हाताऱ्यांनी. जुलै उजाडला होता. प्रांताच्या स्पर्धेचा पहिला सामना रविवारी, तोही मोरिओका शहरातल्या एका तगड्या शाळेशी. पथकाचा सराव जोरात होता. मंगळवारी रित्सुकोची गाडी शाळेच्या थांब्यावर थांबली तेव्हा फाटकाशी मिनोरी उभी, कोट अंगावर, उघड्या पायांत खडावा, घामाघूम. पोरांना काहीतरी ओरडून सांगत होती. रित्सुकोच्या मागच्याच सीटवर दवाखान्यात निघालेल्या दोघी बसल्या होत्या.

"अगं ए, ती बघ. मुलगी आहे ती!"

"चल! मुलगी?"

"वेणी बघ की. कुणाची गं पोर? घरी आईबिई नाही का तिला?"

"असेल. पण लेकराचा कोट धुवायला नको का उठायला?"

दोघी खुदुखुदू हसल्या. वाईट बाया नव्हत्या त्या, रोजच्याच. पण रित्सुकोच्या कानशिलात कुणी जाळ लावावा तसं झालं. पन्नाशीची बाई, हातात गाडी, गाडीत माणसं, आणि मनात मात्र ती पिवळ्या कॉलरची शाळकरी पोर उभी. तिनं मायक्रोफोन तोंडाशी नेला, "गाडी सुटत आहे, कृपया कडी धरा," म्हणाली. आवाज कापला. म्हाताऱ्यांना वाटलं, बाईला सर्दी झाली.

बुधवारी तिची सुटी होती. मिनोरीची सत्र परीक्षा, म्हणून सराव नाही आणि कोट खिळ्याला. कित्येक दिवसांनी ऊन पडलं होतं. रित्सुकोनं एकदा कोटाकडं पाहिलं, एकदा उन्हाकडं. मग बाही वर सारली आणि टबात कोमट पाणी सोडलं.

पहिलं पाणी काळं आलं. दुसरं आलं ते चहासारखं. तिनं हातानंच चोळला, घाई केली नाही, चिंध्या सुटू दिल्या नाहीत. हातात कपडा आला की ती हळुवारच व्हायची. शेवटच्या पाण्यात तिनं कपडे मऊ करायचं ते सुवासिक औषध घातलं, नेहमीच्या सवयीनं, लव्हेंडरचं. मग बांबूवर पसरला. दुपारी वाळत आला तेव्हा उजव्या काखेत वीतभर फाटलेलं दिसलं. हात वर केला की पोरीचं अंग दिसणार. आता एवढं केलंच आहे तर, म्हणून तिनं सुईत पांढरा दोरा ओवला आणि बाहेरूनच पाच-सात टाके घातले. आत उलटून पाहायला वेळ नव्हता, मिनोरी यायची वेळ झाली होती. आणि खोटं कशाला, ते टाके घालताना तिला फार बरं वाटत होतं.

मिनोरी आली. अंगणातच थांबली. बांबूवरच्या कोटाकडं बघत राहिली. काळा म्हणून ओळखला जाणारा कोट उन्हात हिरवट-तपकिरी दिसत होता आणि त्याला फुलांचा वास येत होता.

रित्सुको आरडाओरड ऐकायच्या तयारीनं कंबर कसून उभी होती. पण ज्या पोरीचा आवाज नदीपलीकडे जातो, ती अगदी हळू बोलली.

"आई, हा आता कोट नाही राहिला. नुसता कपडा झालाय."

एवढं म्हणून ती पायरीवर बसली. रडली नाही. तेच रित्सुकोला बघवेना.

"लोक काय काय बोलतात, तुला माहीत नाही मिनोरी..."

"मला माहीत आहे. मी रोज ऐकते. ऐकूनसुद्धा उभं राहायचं असतं, आई. त्यासाठीच तर असतो तो कोट." मग ती उठली. "कुमागाईआजोबांना सांगायला हवं. म्होरक्यानं लपवायचं नसतं. बहुतेक रविवारी मला उभं राहता येणार नाही."

आता रित्सुकोला उमगलं. या पोरीनं तीन वर्षं पहाटे उठून नदीकाठी घसा तयार केला होता. बर्फात बिनमोज्यांची उभी राहिली होती. कधी कुरकुर नाही. आणि आपण पाच-सात टाक्यांत सगळं बसवून टाकलं! शूजीनं कुंड्यांकडं पाहिलं, मग रित्सुकोकडं पाहिलं, आणि झारी खाली ठेवली.

"तू एकटी जायची नाहीस," रित्सुको म्हणाली. "धुतला मी. बोलणी मी खाणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ड्युटीवरून थेट कुमागाईंच्या दुकानात गेली, गणवेशातच, हातमोजे घालून. मिनोरी बरोबर होती. दुकानात नव्या गवती चटयांचा वास, मध्ये मोठा दिवा, आणि दिव्याखाली मंडळाचे चार-पाच जण मांडी घालून बसलेले. त्यांत साके दारूच्या दुकानाचे मालक ओइकावाही होते. कुमागाईंच्या नंतर काही वर्षांनी ते म्होरके झाले होते आणि आता पोट सुटलं तरी स्वतःला जहाल समजायचे.

रित्सुकोनं जमिनीला डोकं टेकवलं. "चूक माझी आहे. मुलीला काही ठाऊक नव्हतं. मला काय बोलायचं ते बोला, तिला रविवारी उभं राहू द्या."

कुमागाईंनी कोट हातात घेतला. वास घेतला. त्यांचा चेहरा असा झाला की हसावं की रडावं कळेना.

"हे काय आहे?"

"लव्हेंडर," रित्सुको म्हणाली.

"लव्हेंडर!" ओइकावा उसळले. "समोरची पोरं हसून हसून मरतील! मी तेव्हाच म्हणत होतो. मुलीला म्होरकी केलं की असंच व्हायचं. घरात आया घुसणार, साबण घुसणार..."

"मुलांना आया नसतात वाटतं?" रित्सुकोनं मान वर न करता विचारलं. चूक कबूल होती म्हणून काय झालं, जीभ जागच्या जागी होती.

"शिवलाय पण!" कुमागाईंना काखेतला पांढरा दोरा दिसला. आता मात्र त्यांचा आवाज चढला. "पाणी लावलं ते लावलं, सुई पण लावली! इतक्या वर्षांत या कोटाला सुई शिवली नव्हती, ओबाराबाई! कुणाच्या आईची नाही! कुठं कुठं शिवलंय ते बघू दे मला."

आणि त्यांनी कोट उलटा करून दिव्याखाली पसरला.

सगळे पुढं वाकले. रित्सुकोनं हळूच मान वर केली.

कोटाचा आतला भाग दोऱ्यांनी भरलेला होता. मळाच्या थराखाली वर्षानुवर्षं काही दिसत नव्हतं, ते आता उघडं पडलं होतं. काळा दोरा, निळा दोरा, तपकिरी. इथं बारीक मुंगीएवढे टाके, तिथं घाईघाईनं मारलेले धोपट टाके. खांद्याखाली आतून ठिगळ. खिशाच्या जागी दुसरं ठिगळ, त्यावर तिसरं. एके ठिकाणी देवळातला ताईत शिवून टाकलेला, इतका आत की घालणाऱ्याला कळूच नये. बाहेरून एकही टाका दिसणार नाही अशी प्रत्येकीनं काळजी घेतलेली. तो कोट अंगावर टिकला होता तो त्या दोऱ्यांवरच. नाहीतर केव्हाच हवेत उडून गेला असता.

"माझा तो पांढरा," रित्सुको म्हणाली. "बाकीचे माझे नाहीत."

"मग कुणाचे?" एकानं विचारलं. विचारता विचारताच त्याचा आवाज विरला, कारण उत्तर सगळ्यांना कळलं होतं.

कॉलरच्या आतल्या बाजूला मऊ कापडाची पट्टी होती. तान्ह्या बाळाच्या दुपट्याची असावी तशी, गुलाबी, तिच्यावर बदकं. मिनोरीनं बोट लावलं. "ही बघा. ही कुणी लावली असेल?"

ओइकावांचं टक्कल लाल झालं. मग कान. मग मान.

"ओइकावा?" कुमागाईंनी वळून पाहिलं.

"मान खाजायची हो," ओइकावा पुटपुटले. "फार खाजायची. आई म्हणाली, कुणाला दिसणार नाही. मला वाटलं, मी एकटाच..."

एक जण फस्सकन हसला आणि मग सगळेच हसले. ओइकावा स्वतःही हसले, डोळे पुसत. तेवढ्यात दुसऱ्या एका जुन्या म्होरक्यानं खांद्याखालचं ठिगळ ओळखलं, ते त्याच्या बहिणीच्या स्कर्टचं होतं. तो ते दाखवू लागला, "हे बघा, हे बघा," म्हणत.

कुमागाई हसत नव्हते. त्यांचं बोट पाठीच्या मधल्या शिवणीवर अडलं होतं. तिथं सगळ्यांत मोठी भेग होती आणि ती जाड, मेण लावलेल्या तागाच्या दोऱ्यानं सांधली होती. शिलाईच्या दुकानात तसला दोरा मिळत नाही. तो तातामीची किनार शिवायला लागतो. या गावात तो एकाच घरात असायचा, आणि त्या घरात ते सगळे आत्ता बसले होते.

"आईचा टाका," कुमागाई म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "आईचाच. एक सरळ, एक तिरका. बाबा सरळच घालायचे. तिरका ती घालायची."

म्हातारा बराच वेळ त्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला.

"मी तिच्यावर ओरडलो होतो," ते म्हणाले. "सुई हिसकावून घेतली होती हातातली. ती म्हणाली, नाही लावत रे, नुसती बघतेय. आणि मी जन्मभर फुशारकी मारली. तिच्या चितेपाशीसुद्धा मित्रांना सांगितलं की पोरगा पक्का होता, आईला हात लावू दिला नाही."

रित्सुको पुढं सरकली. आईला आईचं कळतं, त्याला काही शिकावं लागत नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कळू नये असंच तिला हवं होतं, कुमागाईसान. तुमच्या पाठीला वारा लागला नाही ना? मग झालं तिचं काम."

कुमागाईंनी नाक ओढलं. कोट सुलटा केला, उठून उभे राहिले आणि मिनोरीपुढं धरला.

"घाल."

"पण आजोबा, नियम..."

"नियम मला सांगतेस? घाल म्हणतो ना! आणि रविवारी आवाज कमी पडला तर याद राख." मग रित्सुकोकडं वळून म्हणाले, "ओबाराबाई, टाका चांगला आहे. पण तो वास! तो वास माझ्या डोक्यात जातो."

"धुवून काढू का?" रित्सुकोनं विचारलं.

"नाही!" चार-पाच जण एकदम ओरडले.

रविवारी पथकाला मोरिओकाला न्यायला डेपोची गाडी ठरली होती. त्या दिवशी ड्युटी दुसऱ्याची होती. रित्सुको साहेबांपुढं जाऊन म्हणाली, "माझी मुलगी माझ्या गाडीतून जाणार." साहेबांनी आता तिच्याशी वाद घालणं सोडून दिलं होतं. फक्त आठवण दिली, की चालकानं गाडी सोडून आत मैदानात जायचं नाही. रित्सुको म्हणाली, "मला नियम माहीत आहेत."

सकाळी खडावा खाडखाड वाजवत ती फाटकी फौज गाडीत चढली. शूजी भाताच्या मुटक्यांची पिशवी सांभाळत मागं बसला. ओइकावा, कुमागाई आणि मंडळाचे बाकीचे पुढं. मिनोरी सगळ्यांत शेवटी आली. हिरवट पडलेला कोट, कंबरेला पांढरा पट्टा, खडावांत उघडे पाय. पायरीवर तिनं आईला कडक नमस्कार केला, पथकाचा, कंबरेतून. रित्सुकोनं हातमोज्यातलं बोट टोपीला लावलं आणि आरशात बघायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

मैदानाबाहेर गाड्या उभ्या करायची जागा होती. मध्ये प्रेक्षकांच्या पायऱ्यांची उंच भिंत. रित्सुकोला आतलं काही दिसत नव्हतं, सगळं ऐकूच यायचं. ढोल. बॅटचा टणका. मोरिओकाच्या शाळेचं पितळी बँडपथक, काय झकास वाजवत होतं! आणि त्या सगळ्याच्या वरून एक आवाज. एकटा. लांब ओढलेला, खालून उचलून वर फेकलेला. त्यामागं शंभर आवाज. पुन्हा तो एकटा. शेजारच्या बसचा चालक सिगारेट विझवून म्हणाला, "बापरे, कुणाचं पोरगं हो हे?"

"पोरगं नाही," रित्सुको म्हणाली. "पोरगी. माझी."

सामना लांबला. ऊन डोक्यावर आलं. एकदा बँडपथक असं पेटलं की रित्सुकोला वाटलं, गेला सामना. तिनं गाडीच्या काचा पुसल्या, पुसलेल्या पुन्हा पुसल्या. तो एकटा आवाज आता फाटायला लागला होता, पण थांबत नव्हता. उलट फाटल्यावर जास्तच लांब जात होता. मग टण्ण! मग एक क्षण काहीच नाही, आणि मग सगळ्या पायऱ्या एकदम किंचाळल्या.

कोण जिंकलं? बाहेर उभ्या बाईला कसं कळणार? पण आमच्याकडं सामना संपला की जिंकलेल्या शाळेचं गीत वाजतं. रित्सुको गाडीला टेकून उभी राहिली. आत भोंग्यातून खरखर झाली आणि पहिले सूर आले, जुने, संथ, जडशीळ सूर, जे मिनोरी तीन वर्षं न्हाणीघरात गात होती.

"आमचं आहे!" रित्सुको त्या शेजारच्या चालकाच्या अंगावर ओरडली. "आमचं गीत आहे हो हे!"

त्या बिचाऱ्यानं तिला लवून नमस्कार केला. तो मोरिओकाचा होता.

गीत संपलं. आता रीतीप्रमाणं म्होरक्यानं हरलेल्या शाळेच्या नावानं आरोळी द्यायची. तीही झाली, मनापासून झाली. मग खडावांचा खडखडाट ऐकू आला, जवळ जवळ येणारा. रित्सुकोनं वर पाहिलं. भिंतीच्या माथ्यावर, पायऱ्यांच्या मागच्या कठड्याशी, एकेक फाटकी टोपी उगवू लागली. जयघोष पथक मैदानाकडं कधी पाठ करत नाही. आज केली होती. मध्ये मिनोरी, वाऱ्यावर कोटाच्या चिंध्या फडफडतायत, घामानं निथळतेय. तिच्या बाजूला कुमागाई, ओइकावा आणि जुने सगळे.

मिनोरीनं दोन्ही हात पसरले. आवाज पार बसला होता. तरी तिनं तो कुठूनतरी काढला.

"हुर्रेऽऽ! हुर्रेऽऽ! आऽऽऽई!"

"हुर्रे, हुर्रे, आई! हुर्रे, हुर्रे, आई!" सगळी भिंत गरजली. बसवाले, तिकीटवाले, आइस्क्रीमवाली, सगळे बघायला लागले.

जन्मभर मायक्रोफोनमध्ये हळू बोललेली रित्सुको पाय फाकवून उभी राहिली, छाती भरून घेतली आणि कडाडली, "ओऽऽऽ!" तिचं तिलाच नवल वाटलं. पोरीनं आवाज कुणाचा घेतलाय ते शूजीला तेव्हा कळलं म्हणतात.

पोरं हसत, एकमेकांच्या गळ्यात पडत मागं वळली. कुमागाई मात्र कठड्याशीच उभे होते. म्हाताऱ्यानं टोपी काढली, आभाळाकडं पाहिलं आणि फुटक्या, घोगऱ्या आवाजात एकट्यानंच हाक मारली.

"आई!"

रित्सुकोनं त्या हाकेलाही ओ दिली.